कागदी पॅटर्न : फॅशनची नक्कल की फॅशनचे वाचन?

प्रास्ताविक

फॅशनविषयक लेखनात वस्त्राचा प्रवास बहुधा दोनच टप्प्यांत सांगितला जातो. पॅरिस, मिलान किंवा न्यूयॉर्क येथील रॅम्पवर एखादा पोशाख प्रथम अवतरतो आणि त्यानंतर तयार कपड्यांचे कारखाने त्याच्या स्वस्त आवृत्त्या बाजारात आणतात. पहिल्या टप्प्याला 'निर्मिती' म्हटले जाते, दुसऱ्याला 'नक्कल'. या दोहोंच्या मध्ये आणखी एक जागा होती व आजही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिका व युरोपातील असंख्य स्त्रियांनी बाजारातून कागदी पॅटर्नचे पाकीट आणले, त्यातील पातळ कागदाचे तुकडे जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या कापडाला टाचले, कात्री चालवली आणि पॅरिसमध्ये दिसलेल्या वस्त्राला स्वतःच्या अंगावर बसेल असा आकार दिला. या क्रियेला ना निर्मितीचा मान मिळाला, ना नकलेची बदनामी. ती 'घरकाम' या सदरात जमा झाली आणि समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिली.

प्रस्तुत लेखात या मधल्या जागेचा विचार करावयाचा आहे. रॅम्पवरचे वस्त्र रोजच्या वापराचे कसे होते, या प्रश्नाला पॅटर्न कंपन्यांनी आपल्या जाहिरातींतून दिलेले उत्तर सरळ आहे : पॅरिसचे अस्सल वस्त्र आम्ही घरपोच केले. हे उत्तर अपुरे आहे, इतकेच नव्हे तर काहीसे दिशाभूल करणारेही आहे. पॅटर्नचे यश अस्सलपणात शोधणे चुकीचे ठरते. पॅटर्न वस्त्राची रचना उलगडून समोर ठेवतो आणि कापड, लांबी, सैलपणा यांविषयीचे निर्णय शिवणारीच्या हाती देतो. जेथे तिने छापील सूचनेपासून फारकत घेतली, तेथेच बहुतेक वेळा ते वस्त्र नेसण्या-वावरण्याजोगे झाले.

मराठीत या क्रियेसाठी एक नेमका शब्द आहे. कापड कापण्यापूर्वी त्याचा अंदाज घेणे, अंगाचे माप आणि हाती असलेले कापड यांचा मेळ घालणे म्हणजे 'बेतणे'. 'बेत' आणि 'बेताचा' हे शब्द त्याच्या शेजारी ठेवून पाहिले म्हणजे योजना व मर्यादा या दोन्ही अर्थच्छटा एकाच वेळी जाणवतात. इंग्रजीतील 'पॅटर्न' या शब्दात नमुन्याचा, म्हणजे जे जसेच्या तसे गिरवायचे त्याचा अर्थ प्रबळ आहे. या लेखातील विवेचनाला 'बेतणे' हीच संज्ञा अधिक जवळची आहे.

पाकिटाचा पूर्वेतिहास

इतिहासाची उजळणी येथे थोडक्यात पुरे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्टर्लिंग येथे शिंपीकाम करणाऱ्या एबेनेझर बटरिक याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकण्यास आरंभ केला. पॅटर्न त्यापूर्वीही होते. मादाम डेमोरेस्ट या नावाने चालणारा न्यूयॉर्कमधील व्यवसाय बटरिकच्या आधीचा आहे आणि स्त्रियांच्या मासिकांतूनही पॅटर्न येतच असत. परंतु त्यांतील अनेक एकाच मापाचे असत. ते लहानमोठे करण्याचे कौशल्य वाचकाकडे आहे असे गृहीत धरलेले असे. बटरिकने हे गृहीतक काढून टाकले. सिंगरचे शिलाई यंत्र १८५१ चे आणि हप्त्याने यंत्र विकण्याची पद्धत त्यानंतर लवकरच आलेली, ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे पॅटर्नचा प्रसार इतक्या वेगाने का झाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

आरंभीच्या कागदांवर छपाई नसे. पातळ कागदाला छिद्रे पाडलेली असत आणि कोणते छिद्र मुंढ्याचे, कोणते टक्सचे हे शिवणाऱ्याने ओळखायचे असे. रेषा व सूचना कागदावरच छापण्याची पद्धत मॅकॉल कंपनीने १९२० च्या सुमारास रूढ केली. 'व्होग' मासिकाने आपला पहिला पॅटर्न १८९९ मध्ये ५० सेंटला देऊ केला होता. याच घराण्यातून १९४९ मध्ये 'व्होग पॅरिस ओरिजिनल' ही मालिका निघाली. बालमँ, फाथ, लाँव्हँ, स्कियापारेल्ली आदी पॅरिसच्या वस्त्रकारांच्या प्रत्यक्ष पोशाखांवरून, त्यांच्या संमतीने हे पॅटर्न तयार होत. पाकिटात कागदाबरोबर कापडी विणीचे एक लहानसे लेबलही असे. घरी शिवलेल्या पोशाखाच्या आत, मानेपाशी, हे लेबल लावायचे. या लेबलाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

बार्थचा पूल आणि त्यावरची वाहतूक

रोलां बार्थ याचा फॅशनच्या चिन्हव्यवस्थेवरील ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. जून १९५८ ते जून १९५९ या वर्षातील 'एल' व 'ले जार्दँ दे मोद' ही मासिके त्याच्या अभ्यासाचा मुख्य आधार होती. प्रत्यक्ष वस्त्र, चित्रातील वस्त्र आणि शब्दांतील वस्त्र अशा तीन रचना तो वेगळ्या करतो आणि एका रचनेतून दुसरीत नेणाऱ्या साधनांना याकोब्सनकडून घेतलेली 'शिफ्टर' ही संज्ञा लावतो. शिवणाचा पॅटर्न हा त्याच्या मते प्रत्यक्ष वस्त्रातून चित्राकडे नेणारा शिफ्टर होय. मराठीत त्याला 'संक्रमक' म्हणता येईल.

पॅटर्नला सिद्धान्तात स्थान देणारा बार्थ हा विरळा अभ्यासक, हे मान्य करूनही त्याच्या मांडणीतील एक उणीव नोंदवणे भाग आहे. त्याने पूल पाहिला, पण त्यावरून होणारी वाहतूक एकाच दिशेची मानली. मासिकाच्या बाजूने पाहिले तर पॅटर्न हे वस्त्राचे विश्लेषक चित्र आहे, हे खरे. शिवणारीच्या बाजूने मात्र प्रवास उलटा असतो. ती पाकिटावरचे चित्र पाहते, कागदाचे सपाट तुकडे वाचते आणि तेथून प्रत्यक्ष वस्त्राकडे जाते. या उलट प्रवासात चित्राने दडवलेल्या सर्व गोष्टी तिला सोडवाव्या लागतात. साखळी कोठे लपली आहे? अस्तर कशाला टाचले आहे? उभा धागा कोणत्या दिशेने धरायचा? छायाचित्रातील स्त्री बसत नाही, जिना चढत नाही, हात वर करून फडताळातील डबा काढत नाही. शिवणारीला हे सारे करायचे असते. बार्थला लिखित वस्त्राचेच विश्लेषण करायचे होते, त्यामुळे ही बाजू त्याच्या आराखड्याबाहेर राहणे एका अर्थी स्वाभाविक होते. त्याच्यानंतरच्या अनेक अभ्यासकांनी मात्र ती मर्यादा पद्धतीची न मानता वस्तुस्थितीची मानली. १९९९ मध्ये बार्बरा बर्मन यांनी संपादित केलेल्या घरगुती शिवणाच्या संस्कृतीवरील लेखसंग्रहापासून आणि पुढे २०१४ मधील जॉय एमरी यांच्या पॅटर्न उद्योगाच्या इतिहासापासून हे चित्र बदलू लागले.

एक पोशाख : माँड्रियान, १९६५

सिद्धान्त बाजूला ठेवून एका पोशाखाचा कागद वाचून पाहणे अधिक उद्बोधक ठरेल. इव्ह साँ लोराँ याने १९६५ च्या शरद-हिवाळी संग्रहात पीट माँड्रियान या डच चित्रकाराच्या चित्रांवर आधारित पोशाख सादर केले. माँड्रियान १९४४ मध्येच निवर्तला होता. पांढरी पार्श्वभूमी, काळ्या उभ्याआडव्या पट्ट्या आणि लाल, निळे, पिवळे चौकोन अशी ती सर्वपरिचित रचना. फ्रेंच 'व्होग'च्या सप्टेंबर १९६५ च्या मुखपृष्ठावर हा पोशाख आला, त्याच्या नकला सर्वत्र झाल्या आणि 'व्होग पॅरिस ओरिजिनल' मालिकेत त्याचा अधिकृत पॅटर्नही निघाला.

दुरून पाहणाऱ्यास हा पोशाख म्हणजे अंगावर टांगलेले चित्र वाटते. सरळ, बिनबाह्यांचा, गुडघ्याशी संपणारा पोशाख. त्यात कंबर नाही, घेर नाही. त्यामुळे छापील कापड आणून त्याचा सरळ झगा शिवला की काम झाले, असा समज होणे शक्य आहे. अनेक स्वस्त नकला अशाच निघाल्या आणि त्या अंगावर गोणपाटासारख्या दिसल्या तर नवल नाही. मूळ पोशाखात प्रत्येक चौकोन हा लोकरी जर्सीचा स्वतंत्र तुकडा आहे, काळी पट्टीदेखील वेगळी जोडलेली आहे. स्त्रीचे शरीर सपाट नसते. छाती, कंबर आणि नितंब यांच्यातील चढउतार सामावून घेण्यासाठी कापडाला कोठेतरी आकार द्यावाच लागतो. एरवी हे काम टक्स करतात. येथे टक्स दिसत नाहीत, कारण तो आकार काळ्या पट्ट्यांच्या शिवणींत मुरवला आहे. ज्या रेषा डोळ्यांना काटकोनी वाटतात त्या प्रत्यक्षात शरीराच्या वळणानुसार किंचित कललेल्या आहेत. चित्रातील रेषा व वस्त्रातील शिवण यांनी एकमेकींची जागा घेतली आहे, हे या पोशाखाचे खरे सौंदर्य.

ही गोष्ट कळते कशी? संग्रहालयाच्या काचेमागे ती कळत नाही. मुखपृष्ठावरील छायाचित्रात तर नाहीच नाही. ती कळते कागदाचे तुकडे सुटे करून पसरल्यावर, जेव्हा चौकोन म्हणून घेतलेला तुकडा एका बाजूस बारीक वळलेला आढळतो. या अर्थाने पॅटर्न हे त्या पोशाखाचे सर्वांत जवळचे वाचन आहे. साहित्याच्या अध्यापकाने कवितेच्या ओळी फळ्यावर सुट्या करून दाखवाव्यात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे वाचणारीने चूक केली तर वर्गात कोणी हटकत नाही, कापड वाया जाते.

शिवायला हा पोशाख अवघड आहे. काळ्या पट्ट्या जेथे एकमेकींना छेदतात तेथे शिवणी अचूक जुळल्या नाहीत तर रेषा तुटते आणि ती चूक खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. फुलाफुलांच्या कापडात जी चूक खपते ती येथे खपत नाही. असा अवघड पोशाख 'रोजच्या वापराचा' कसा म्हणायचा, हा आक्षेप रास्त आहे. परंतु पॅटर्न हातात आल्यावर रंगांचे चौकोन सोडून देता येतात आणि उरते ती बांधणी : मुंढा मोकळा, कंबरेवर ताण नसलेला, टक्स न दिसणारा, चालताना अडथळा न करणारा सरळ पोशाख. एकरंगी लोकरी कापडात तो कचेरीत चालतो. पट्ट्या कापडाच्याच रंगाच्या घेतल्या तर फक्त शिवणींची रेषा उरते. माँड्रियानची आठवण त्यात कोणालाही होणार नाही. साँ लोराँची बांधणी मात्र शाबूत राहील. रॅम्पवर जे पाहिले गेले ते रंग होते आणि घरी जे टिकू शकते ती रचना आहे. फॅशनच्या बातम्यांत या फरकाला जागा नसते.

झिमेलची उतरंड आणि गुंडाळी पोशाख

गेऑर्ग झिमेल याच्या १९०४ च्या निबंधापासून असे मानले जाते की फॅशन वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे झिरपते आणि खालपर्यंत पोहोचली की वरचा वर्ग ती टाकून देतो. कागदी पॅटर्न हे झिरपण्याचे उत्तम साधन, असे मग सहजच म्हटले जाते. डिऑरच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी लागूही पडते. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी त्याने सादर केलेला, पुढे 'न्यू लुक' म्हणून गाजलेला पोशाख आतल्या भरण्यावर आणि कंबर आवळणाऱ्या सांगाड्यावर उभा होता. ब्रिटनमध्ये तर १९४९ पर्यंत कपड्यांवर रेशनिंग होते, तेथे वाराशे कापड खाणारा घेर ही चैनच होती. पॅटर्न कंपन्यांनी लवकरच लांब, घेरदार स्कर्टची पाकिटे काढली, त्यातला सांगाडा वगळला, घेर कमी केला. येथे प्रवाह वरून खाली आला, यात शंका नाही.

पण डायन फॉन फर्स्टनबर्ग हिचा १९७४ चा गुंडाळी पोशाख घ्या. पुढून एकावर एक पदर घेऊन कंबरेला बांधायचा हा जर्सीचा पोशाख त्या दशकातील नोकरी करणाऱ्या स्त्रीचे प्रतीक म्हणून ओळखला जातो. १९७६ मध्ये 'व्होग' मालिकेत त्याचा पॅटर्न क्रमांक १५४९ निघाला. साखळी नाही, बटण नाही, काज नाही. जेवणानंतर कंबर सैल करता येते, वजन वाढले तरी तोच पोशाख चालतो. रॅम्पवरचे वस्त्र रोजच्या वापरात आल्याचे याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

आता थोडे मागे जाऊ. १९५२ मध्ये बटरिकने ६०१५ क्रमांकाचा पॅटर्न काढला होता. मागचा भाग पुढे आणि पुढचा मागे गुंडाळून घ्यायचा तो पोशाख घरी झटपट शिवता यावा असाच बेतलेला होता. त्याच्या दहा वर्षे आधी, १९४२ मध्ये, क्लेअर मॅकार्डेल हिने घरकाम करतानाही नीटनेटके दिसावे म्हणून 'पॉपओव्हर' हा गुंडाळी पोशाख तयार केला. तो ६ डॉलर ९५ सेंटला विकला गेला. त्याहीपूर्वी, पहिल्या महायुद्धाच्या काळापासून, अमेरिकन गृहिणी 'हूव्हरेट' नावाचा गुंडाळी झगा वापरत असत. त्याच्या पुढच्या दोन्ही बाजू एकावर एक येत, त्यामुळे वरची बाजू मळली की खालची वर घ्यायची. स्वयंपाकघरातील ही काटकसरीची युक्ती दशकानुदशके घरगुती शिवणात रुळलेली होती. फर्स्टनबर्गने तिला जर्सी दिली, छपाई दिली, शहर दिले. तेव्हा १९७६ चे ते पाकीट जेव्हा एखाद्या शिवणाऱ्या स्त्रीच्या टेबलावर आले, तेव्हा रॅम्पवरची फॅशन तिच्या घरी उतरली असे म्हणण्याऐवजी घरातून गेलेली वस्तू नवे नाव घेऊन घरी परतली असे म्हणणे सत्याला अधिक धरून होईल. झिमेलच्या उतरंडीत या परतीच्या वाटेची सोय नाही.

माया, सैलपणा आणि मापाचा ब्लाउज

पॅटर्नमध्ये वापरयोग्यता नेमकी कोठे असते, हे पाहण्यासाठी दोन तांत्रिक गोष्टींची दखल घ्यावी लागते. पहिली सैलपणाची. पॅटर्नच्या मागे छापलेले छातीचे माप शरीराचे असते. तयार वस्त्राचे माप त्याहून दोन-चार इंच अधिक असते. त्यातला काही भाग श्वास घेण्यासाठी, बसण्यासाठी, हात हलवण्यासाठी अपरिहार्य असतो, उरलेला वस्त्रकाराच्या शैलीचा असतो. रॅम्पवरील वस्त्रात हा पहिला भाग कमीत कमी ठेवून भागते, कारण ते काही मिनिटेच अंगावर असते आणि मॉडेलच्या अंगावर टाचूनही घेता येते. घरी शिवणारी स्त्री हा भाग स्वतः ठरवते. बसमध्ये उभे राहणारीचा सैलपणा वेगळा, मूल कडेवर घेणारीचा वेगळा.

दुसरी गोष्ट शिवणीत सोडलेल्या जादा कापडाची. अमेरिकन पॅटर्नमध्ये ते बहुधा पाच अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे दीड सेंटिमीटर असते. जर्मनीतील ओफेनबुर्ग येथून एने बुर्डा यांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या 'बुर्डा मोडेन' मासिकातील कागदांवर मात्र ते धरलेले नसे. अनेक पॅटर्न एकाच कागदावर वेगवेगळ्या रंगांच्या रेषांत एकमेकांवर छापलेले असत. आपल्या मापाची रेषा शोधायची, दुसऱ्या कागदावर उतरवायची आणि किती कापड सोडायचे ते आपले आपण ठरवायचे. आपल्याकडे शिवणकामात या जादा कापडाला 'माया' म्हणतात. माया ठेवलेला कपडा पुढे उसवून वाढवता येतो. कारखान्यात कापडाचा प्रत्येक सेंटिमीटर हिशेबात असल्याने तयार कपड्यांतून माया आक्रसत गेली. घरी बेतलेल्या कपड्यात ती उरली, आणि रोजचे वस्त्र वर्षानुवर्षे टिकते ते बरेचसे तिच्यावर.

येथे महाराष्ट्रातील अनुभवाशी एक तुलना अस्थानी ठरू नये. आपल्याकडे पाश्चात्त्य पद्धतीच्या पॅटर्न पाकिटांचा बाजार रुजला नाही. त्याचे एक कारण उघड आहे : शिंपी स्वस्त आणि जवळ होता, मापे घेऊन खडूने थेट कापडावर आखत होता. स्त्रिया त्याच्याकडे 'मापाचा ब्लाउज' देत आल्या आहेत. अंगाला नीट बसलेला जुना ब्लाउज हाच पुढच्या ब्लाउजचा पॅटर्न. शिवणाच्या वर्गात वर्तमानपत्रावर किंवा खाकी कागदावर कटिंग शिकणाऱ्या मुलीही बहुधा स्वतःच्या वा शेजारणीच्या मापानेच आखतात. अमेरिकन पॅटर्न एका कल्पित प्रमाण-स्त्रीसाठी कापलेला असतो, उंची साधारण साडेपाच फूट, छाती-कंबर-नितंब यांचे प्रमाण ठरलेले. खऱ्या स्त्रीला त्या प्रमाणापासून स्वतःपर्यंतचे अंतर मोजावे लागते. मापाचा ब्लाउज हे अंतर आधीच पार करून आलेला असतो. मात्र नवी रचना शिकवण्याची शक्ती त्याच्यात नसते. गळ्याचा आकार बदलेल, बांधणी तीच राहते. पॅटर्नची गैरसोय आणि पॅटर्नचे सामर्थ्य ही एकाच गुणाची दोन रूपे आहेत, हे या तुलनेतून ध्यानात येते.

मर्यादांचा विचार

पॅटर्नचा गौरव करताना तीन बाबतींत सावध राहावे लागते. सर्वच वस्त्रे कागदावर उतरत नाहीत. मादलेन व्हिओने हिची १९२० व १९३० च्या दशकांतील वस्त्रे कापड तिरके धरून कापलेली होती आणि ती लहान लाकडी बाहुलीवर कापड सोडून रचना शोधत असे. तिच्या पॅटर्नचे तुकडे पाहिले तर साधे चौकोन आणि त्रिकोण दिसतात. तिरक्या धाग्याचे कापड स्वतःच्या वजनाने कसे खाली ओघळेल हे कागद सांगू शकत नाही. कागदाला वजन नसते आणि तो ताणत नाही. म्हणूनच वस्त्रकारांच्या दालनांत कागदाबरोबर मांजरपाटासारख्या स्वस्त सुती कापडाचा कच्चा नमुना करण्याची रीत आहे. घरी शिवणाऱ्या अनेकजणी हा टप्पा गाळतात आणि फसतात.

दुसरी बाब श्रमाची. 'घरी शिवा, पैसे वाचवा' या जाहिरातीत शिवणारीच्या वेळेची किंमत शून्य धरलेली असते. पॅटर्नने स्त्रीला निर्णयाचा अधिकार दिला हे खरे असले तरी तो अधिकार तिने रात्री भांडी आवरल्यावर बजावला, हेही तितकेच खरे. या श्रमाचे केवळ काव्यात्म वर्णन करणारे लेखन अलीकडे वाढले आहे. त्यापासून दूर राहणे बरे.

तिसरी बाब त्या लेबलाची. 'व्होग पॅरिस ओरिजिनल'च्या पाकिटातील लेबल कशाचे प्रमाणपत्र होते? कापड शिवणारीने निवडले, माप तिचे, टीप तिची, चुका तिच्या; आणि मानेपाशी नाव पॅरिसच्या वस्त्रकाराचे. कंपनीने विकला तो अस्सलपणाचा भास. लेबल लावणाऱ्या स्त्रियांना हा विरोधाभास कळत नव्हता असे मानणे त्यांच्या बुद्धीवर अन्याय करणारे होईल. एखादीने ते मुद्दाम मिरवले असेल, एखादीने डब्यात ठेवून दिले असेल. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की या संपूर्ण व्यवहारात तिच्या स्वतःच्या नावाचे लेबल छापण्याची कल्पना कोणालाही सुचली नाही.

पुढचा काळ

मार्च १९८७ मध्ये 'बुर्डा मोडेन'ची रशियन आवृत्ती मॉस्कोत प्रकाशित झाली. सोव्हिएत संघात निघालेले हे पहिले पाश्चात्त्य मासिक होय. दुकानांत मनाजोगते कपडे मिळत नव्हते, शिवणयंत्रे मात्र घरोघर होती. अशा समाजात पश्चिमेची फॅशन वस्तूच्या रूपात येण्यापूर्वी कागदाच्या रूपात आली, याचे महत्त्व फॅशनच्या इतिहासकारांनी अजून पुरेसे जोखलेले नाही. एका वेगळ्याच टोकाला इस्सी मियाके. त्याचे पॅटर्न १९८० च्या दशकात 'व्होग' मालिकेत निघाले होते. पुढे दाई फुजिवारा याच्यासमवेत त्याने १९९८ मध्ये 'ए-पॉक' ही पद्धत मांडली. यंत्रावर विणलेल्या नळीसारख्या कापडातच कापण्याच्या रेषा विणलेल्या असत आणि ग्राहकाने कात्रीने त्या कापून पोशाख सुटा करायचा असे. बाहीची लांबी, गळ्याची खोली ग्राहक ठरवी. ही कल्पना क्रांतिकारक म्हणून वाखाणली गेली, ते योग्यच आहे. पण बटरिकच्या ग्राहकांनी ती अनोळखी मानली नसती.

छापील पाकिटांचा व्यवसाय आता संकोचत आहे. तयार कपडे इतके स्वस्त झाले आहेत की त्याच पोशाखाला लागणारे कापड अनेकदा त्याहून महाग पडते. अमेरिकेत अशी पाकिटे विकणाऱ्या 'जोअॅन' या साखळीची सर्व दुकाने मे २०२५ अखेर बंद झाली. दुसरीकडे लहान लहान स्वतंत्र पॅटर्नकार संगणकीय फाइल विकतात, ती घरच्या छपाईयंत्रावर छापून कागद चिकटवून घ्यायचे. या नव्या पॅटर्नकारांत मापांचा पल्ला पूर्वीच्या कंपन्यांपेक्षा पुष्कळ मोठा ठेवण्याकडे कल आहे; कल्पित प्रमाण-स्त्रीची सद्दी निदान येथे तरी सैल होत आहे.

माँड्रियान पोशाख आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या संग्रहालयांत जपलेला आहे. जुने पॅटर्न जपणारा मोठा संग्रह अमेरिकेतील ऱ्होड आयलंड विद्यापीठात आहे. वापरून झालेल्या जुन्या पॅटर्नची पाकिटे कोठेही उघडून पाहिली तर त्यांतील कागद क्वचितच कोरे असतात. टाचण्यांची भोके, कमरेपाशी घातलेली घडी, लांबी वाढवण्यासाठी मध्येच चिकटवलेली वर्तमानपत्राची पट्टी, कडेला पेन्सिलीने मांडलेला कापडाचा हिशेब. फॅशनच्या ग्रंथांतून जी वाचक हरवलेली आहे तिचे हस्ताक्षर या कागदांवर आहे. संग्रहालयांच्या नोंदवह्यांत अशा खुणांची नोंद बहुधा 'नुकसान' या रकान्यात केली जाते.